भोंगा गप्प असताना

४ मे, सोमवार

शेवटी आमचा भोंगा पोहण्याच्या तलावावर बसला. फुटबॉलचं मैदान, दगडाची खाण आणि रोपवाटिका आधीच झाली होती, ही चौथी जागा. आता वादळांचा हंगाम संपेपर्यंत चाचणी. वीज पडायच्या अर्धा तास आधी भोंगा वाजला पाहिजे, आणि पडणार नसेल तर वाजता कामा नये. लिहायला एक ओळ, जमवायला तीन वर्षं गेली, आणि अजून जमलंय असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

तलावावर मुख्य शिक्षक माझे बाबा. म्हणजे परीक्षा घरचीच. फिटर खांबावर चढून भोंगा बसवत होता आणि बाबा खाली कमरेवर हात ठेवून उभे.

"हा वाजला की मी सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं?"

"हो."

"तुला पाण्यात उतरवायला मला दोन उन्हाळे लागले होते. आता तू मला बाहेर काढणार. चांगलं आहे."

फिटर वर खांबावर हसला. मी म्हटलं, बाबा, चारचौघांत तरी. तर म्हणे, चारचौघांतच सांगायची गोष्ट आहे ही. यांच्या तोंडाला कोण लागणार!

९ मे, शनिवार

मावसबहिणीने फोनवर विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, कारण बरं जमलं होतं.

रडार ढगाकडे खालून बघतं. त्याच्या पोटात पाणी किती, गारा किती, ते त्याला कळतं. उपग्रह वरून बघतो. ढगाचं डोकं किती उंच गेलं, किती गार पडलं, ते त्याला कळतं. ढग नुकता जन्मलेला असतो तेव्हा पोटात काहीच नसतं, म्हणून रडार म्हणतं, कुठाय ढग? पण डोकं भराभर वर चाललेलं उपग्रहाला दिसतं. एकट्या रडारवर राहिलं तर उशीर होतो, आणि एकटा उपग्रह प्रत्येक उंच ढगाला घाबरतो. दोघांचं एकत्र ऐकायचं आणि मग बोलायचं, एवढंच आमचं काम. बहीण म्हणाली, म्हणजे सासू-सुनेचं भांडण ऐकून निकाल द्यायचा. तसंच काहीसं.

रडार माझ्याकडे. उपग्रह ज्याच्याकडे आहे त्याला मी वरचा मजला म्हणते. पहिल्यांदा चिडून म्हटलं होतं, वरचा मजला रिकामा आहे या अर्थी. आता सवयीने म्हणते आणि तोही सवयीने ओ देतो. आज माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला, बिनसाखरेचा. मी साखर सोडल्याचं ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. चुकून दुसऱ्या कुणाचा तरी चहा इकडे आला असणार.

१३ मे, बुधवार

तलावावर आज भोंगा वाजला. वीज नाही. परवाही तेच.

घरी आले तर बाबांचा घसा बसलेला. म्हणाले, "आज तुझं यंत्र पुन्हा थापा मारून गेलं. आभाळ कसं, धुतलेल्या ताटासारखं."

"किती लोक होते पाण्यात?"

"होते बरेच."

"निघाले का बाहेर?"

"निघतील नाहीतर काय करतील," म्हणाले आणि टीव्ही लावला.

घसा बसेपर्यंत दिवसभर गप्पा मारत बसायचं आणि संध्याकाळी मला टोमणे. आई होती तेव्हा ती तरी यांना गप्प करायची. मी गरम पाणी आणि मीठ आणून ठेवलं. गुळण्या केल्या नाहीत ते नाहीतच.

१९ मे, मंगळवार

आज मोठ्या बाईंनी बैठक घेतली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. आधी वरच्या मजल्याला फैलावर घेतलं. नव्या उपग्रहाची चित्रं सुरू केल्यापासून त्याचं काम रेंगाळतंय म्हणून. नंतर माझी पाळी. भोंगा माझ्या प्रोग्राममधून वाजतो, तेव्हा खोट्या भोंग्यांचं खापर माझ्याच डोक्यावर. "लांडगा आला रे किती वेळा ओरडणार? खरा आला की कुणी येणार नाही." बरोबरच आहे त्यांचं. तरी डोळे भरून आले आणि मी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं बघत बसले. वरचा मजला माझ्याकडे बघत होता. मनात म्हणत असेल, बरी जिरली.

दुपारी मात्र गंमत सापडली. उपग्रह आमच्या डोक्यावर नाही, पार एका बाजूला आहे, आणि आमच्याकडे तिरका बघतो. टेबलावर उंच बाटली ठेवून बाजूने पाहिलं तर तिचं बूच मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकल्यासारखं दिसतं. तसंच उंच ढगाचं डोकं उपग्रहाला दहाएक किलोमीटर पलीकडे दिसतं. ते तेवढंच ओढून जागेवर आणावं लागतं, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. नवी चित्रं सुरू झाली तेव्हा ते ओढायचं राहून गेलंय. मग एका ढगाचे दोन होतात. रडार म्हणतं इथे आहे, उपग्रह म्हणतो तिथे. आणि 'तिथे' रडारला काही दिसत नाही, म्हणून माझा प्रोग्राम समजतो की नवा ढग जन्माला आला. वाजवा भोंगा!

चूक त्याच्याकडची. सकाळी सापडली असती तर बैठकीत सांगून मोकळी झाले असते. पण सकाळी त्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहिलं होतं. पडलेल्याला आणखी कशाला पाडायचं? मी माझ्याच प्रोग्राममध्ये ढग ओढून जागेवर आणले आणि गप्प बसले. उद्यापासून सगळं सरळ.

२२ मे, शुक्रवार

सरळ कसलं! पूर्वी बरं होतं. आता ढगाचं भूत नेमकं आमच्या चार जागांवर येऊन बसतं. आज खाणीवरचा आणि तलावावरचा भोंगा एकदमच वाजला, आणि खरा ढग होता पार टेकड्यांवर.

मी सगळा हिशोब पुन्हा तपासला. ढग बरोबर तेवढाच ओढलाय. मग चुकतंय कुठे? डोकं भणभणायला लागलं. वरचा मजलाही दिवसभर स्क्रीनला नाक लावून बसला होता. विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाला, "हो, हो. तुमचं?" म्हटलं, हो, हो. दोघेही किती ठीक होतो ते आमच्या तोंडावरून दिसत असेल.

२८ मे, गुरुवार

खाण, मैदान, रोपवाटिका, तिघांनीही भोंगा बंद केला. मोठ्या बाई म्हणाल्या, तलावानेही बंद केला की चाचणी संपली. मग हे सगळं गुंडाळून जुन्याच पद्धतीने अंदाज द्यायचा, जो वीज पडून गेल्यावर पोचतो.

न राहवून दुपारी तलावावर गेले. मी पोचले आणि भोंगा वाजला, माझ्या स्वागतालाच. वर ऊन. बाबांनी शिट्टी मारली आणि काठाकाठाने ओरडत निघाले. लोक कुरकुरत बाहेर. एक टक्कल पडलेले गृहस्थ मधोमध तरंगत राहिले. "सर, आकाशात ढगाचा ठिपका नाही!" बाबा म्हणाले, "ठिपका माझ्या डोक्यात आहे समजा आणि निघा." शेवटी कपड्यांसकट पायऱ्यांपर्यंत उतरून त्यांना हात देऊन बाहेर काढलं. या वयातही हुकूम सोडायला मिळाला की माणूस कसा खुलतो!

तिकीट खिडकीवरच्या मावशी मला म्हणाल्या, "अगं, सगळे सभासद व्यवस्थापकांकडे गेले होते. भोंगा काढा म्हणाले. निम्मे तर यायचेच बंद झालेत."

"मग काढला का नाही?"

"सरांना विचार."

विचारलं. बाबा म्हणाले, "काढला तर संध्याकाळी तुला चिडवू कशावरून?"

हे त्यांचं उत्तर! माझी तीन वर्षं पाण्यात चाललीत आणि यांना विनोद सुचतात. घरी येताना बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. उतरताना त्यांनी माझी पिशवी काढून घेतली आणि स्वतः उचलली. मी तरीही बोलले नाही.

२ जून, मंगळवार

जमिनीत गडप व्हावंसं वाटतंय आणि हसूही येतंय.

मोठ्या बाईंनी आज आम्हाला एका टेबलाशी बसवलं. तुम्ही त्याचं वाचा, त्याने तुमचं वाचायचं, ओळ न ओळ. मी त्याचं वाचत गेले आणि एका ओळीपाशी थांबले. ढग ओढून जागेवर आणलेले. दहाएक किलोमीटर. त्याच क्षणी तोही माझ्या ओळीपाशी थांबला.

"हे तुम्ही केलंत?"

"हे तू केलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तारीख पाहिली तर दोघांचीही एकच, बैठकीच्या दिवसाची. चूक माझ्याआधीच त्याला सापडली होती. ढग एकदा त्याने ओढला, एकदा मी. खरी जागा ओलांडून तो दुसऱ्या बाजूला गेला आणि भूत आमच्या माथी येऊन बसलं.

"सांगितलं का नाहीस?"

"माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली होती. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. वाटलं, आधी नीट करावं आणि मग तोंड दाखवावं. नीट झालंच नाही. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुझं तोंड एवढंसं झालं होतं म्हणून."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, ते आम्हाला उशिरा कळलं. म्हणाल्या, "एकमेकांना इतकं सांभाळून घ्यायचं असेल तर घर थाटा. ऑफिसात सांगून करायचं, काय असेल ते." सगळा विभाग हसला. बाई कधी नव्हे ते विनोद करतात आणि तोही असा. वरचा मजला कानापर्यंत लाल झाला. उकडत होतंच खोलीत.

माझी ओळ काढून टाकली, त्याची ठेवली. जाताना म्हणाला, "उद्या लवकर ये, जुने सगळे ढग पुन्हा चालवून बघू." मला तू म्हणाला. दमला असेल.

६ जून, शनिवार

जुने ढग तर जागेवर बसलेच, नवेही बसताहेत. चार दिवसांत एकच भोंगा वाजला, तलावावर, आज दुपारी. तेव्हा वर नुसता एक गोबरा पांढरा ढग होता. रडारला तो दिसतही नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांनी तलावामागच्या शाळेच्या गच्चीवर वीज पडली. शाळेला सुट्टी होती. पाण्यात कुणी नव्हतं, बाबांनी सगळ्यांना छपराखाली नेऊन बसवलं होतं.

बाबांचा फोन आला. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. म्हणाले, "जेवलीस का?" म्हटलं, नाही. "जेवून घे," म्हणाले आणि ठेवून दिला. फोन ठेवायच्या आधी जरा वेळ नुसताच श्वास ऐकू येत होता. छपरावर पाऊस पडत असेल, नीट ऐकू आलं नसेल त्यांना.

वरच्या मजल्याने माझ्या पुढ्यात डबा सरकवला. मी निम्मा खाल्ला. उरलेला निम्मा त्याने खाल्ला, आणि त्या वेळी स्क्रीनकडे कुणीच बघत नव्हतं, हे मोठ्या बाईंना कळायला नको.

११ जून, गुरुवार

उशीर झालाय. तरी लिहिते.

उद्या चाचणीचा निकाल होता. तीन वाजायच्या सुमारास आभाळ अंधारून आलं. माझ्या खिडकीतून तलावाची बाजू दिसते. शाईची दौत सांडावी तसं आभाळ. आणि यंत्र सांगत होतं, वीज पडण्याची शक्यता शंभरात चार. तीसच्या वर गेली तर भोंगा वाजतो. म्हणजे आज वाजणार नव्हता.

"डोकं वर जात नाहीये," वरचा मजला म्हणाला. "नुसता पसरतोय. पाऊस पडेल जोरात, पण वीज नाही."

"रडारही तेच म्हणतंय. गारा नाहीतच वरती, आणि गारांशिवाय वीज होत नाही."

"मग झालं तर."

झालं कसलं! इतके दिवस भोंगा खोटा वाजला की मी रडायचे. आज तो गप्प होता आणि मी खिडकीपासून हलत नव्हते. खोटा वाजला तर लोक शिव्या देतात, घरी जातात. खोटा गप्प बसला तर? शनिवारपासून तलावावर पुन्हा गर्दी होती. लोकांना भोंगा पटला होता, म्हणून ते वर न बघता पोहत असणार. आणि काठावर बाबा.

हाताने भोंगा वाजवायचं बटण माझ्या टेबलावर आहे. ते दाबलं असतं तर निकालाच्या आदल्या दिवशी माझाच माझ्या यंत्रावर विश्वास नाही, हे जगजाहीर झालं असतं. वरचा मजला म्हणाला, "दाबायचं असेल तर दाब. उद्याचं उद्या बघू." मी दाबलं नाही. आज मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. मी चोरासारखा बाबांना फोन केला.

"बाबा, सगळ्यांना बाहेर काढा."

"भोंगा वाजला नाही."

"नाही वाजणार. तरी काढा."

"शंभरात किती?"

"चार."

"बरं," म्हणाले आणि ठेवला.

पाऊस कोसळला. अर्धा-पाऊण तास खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. वीज एकही नाही, कुठेच नाही. यंत्र शंभर टक्के बरोबर. वरच्या मजल्याने टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. त्याने माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

संध्याकाळी तलावावर गेले. मावशी खिडकी सोडून धावत आल्या, रागाने लाल.

"तुझ्या बापाला काहीतरी सांग बाई! तुझा फोन आला, सगळ्यांना बाहेर काढलं. एकाला शिल्लक ठेवलं नाही. छपराखाली मोजून बघितलं. आणि मग स्वतः पाण्यात!"

"काय?"

"स्वतः उतरले! त्या काळ्याकुट्ट आभाळाखाली एकटे पोहत होते. पाऊस थांबेपर्यंत. आम्ही हाका मारून मारून दमलो."

बाबा कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर टॉवेल गुंडाळून बसले होते. ओठ निळे. मी त्यांच्यावर आयुष्यात कधी ओरडले नसेन अशी ओरडले. तुम्हाला अक्कल आहे का? मी काय सांगितलं होतं? लोक ऐकत होते, ऐकू देत.

ते शांतपणे म्हणाले, "लोकांना काढलं ना. त्यांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे. तू घाबरली होतीस, ते आवाजावरून कळलं. पण भोंगा गप्प होता. तोही तुझाच. वाजला तेव्हा मी दर वेळी ऐकलं. गप्प बसला तेव्हा कुणीतरी ऐकायला नको?"

"दर वेळी?"

"दर वेळी," मागून मावशी म्हणाल्या. "खोटा वाजायचा तेव्हासुद्धा. लोक नाही नाही ते बोलायचे यांना. व्यवस्थापकांना सांगितलं, भोंगा काढणार असाल तर मलाही काढा. आणि मुलीला यातलं काही कळता कामा नये म्हणे."

मी बाकावर बसले. मग बाबांनीच विचारलं, "एवढं काय? चारच तर होते शंभरात."

"त्या चारांत तुम्ही होता, बाबा."

पुन्हा असं करणार नाही अशी मी त्यांच्याकडून आईची शपथ घेतली. मावशींना साक्षीदार ठेवलं. मग त्यांचं डोकं पुसलं, लहानपणी ते माझं पुसायचे तसं, जरा जोरातच.

१२ जून, शुक्रवार

निकाल. मोठ्या बाईंनी आकडे वाचले आणि चक्क हसल्या. आमची पद्धत आता पक्की. खाण, मैदान आणि रोपवाटिकाही परत यायला तयार आहेत, खोटे भोंगे बंद झाले म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही आनंदाने उड्या मारणार.

मी म्हटलं, "भोंगा तीसवर वाजतो, तो वीसवर आणू या. आणि चारही ठिकाणी मोठ्या अक्षरांत पाटी लावू या: भोंगा गप्प असला तरी गडगडाट ऐकू आला किंवा आभाळ भरून आलं तर बाहेर निघा."

"आपल्याच यंत्राविरुद्ध पाटी?" बाई म्हणाल्या. "आणि वीसवर आणलं तर खोटे भोंगे पुन्हा वाढतील."

"वाढतील."

कालचे चार विसातही येत नाहीत, हे मला कळतं. कुठल्याच रेषेच्या आत सगळे मावत नाहीत. रेषेच्या खाली नेहमी कुणाचा तरी बाप पोहत असतो. हे मी बैठकीत बोलले नाही, बोलले असते तर रडले असते. वरच्या मजल्याने मात्र हात वर केला आणि म्हणाला, "वीसच करा. माझ्याकडूनही वीसच लिहा."

बाईंनी पेन उघडलं. मग म्हणाल्या, "लोक कंटाळून पुन्हा बंद करतील. तेव्हा काय कराल?"

म्हटलं, "तिघे करतील. तलावावरचा वाजत राहील. तिथला माणूस माझ्या ओळखीचा आहे."

बाईंनी तीस खोडून वीस लिहिलं.